मुलांसाठी काळ्या विनोदाची मालिका कशी लिहायची

कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पावसात कावळ्याचं घर वाहून जातं, तो भिजत दारात उभा राहतो आणि आतून चिमणी सांगते, थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे. काही घरांत ही गोष्ट आणखी पुढं जाते: कावळ्याला ऊब घ्यायला तापल्या तव्यावर बसवतात आणि त्याचं बूड भाजतं. तीन वर्षांची पोरं हे ऐकून खिदळतात आणि ‘परत सांग’ म्हणतात. तेव्हा मराठी मुलांना काळा विनोद, म्हणजे मरण आणि संकटातून काढलेलं हसू, झेपेल का, हा प्रश्न निकालात निघालेला आहे. शिकायचं ते एवढंच, की तव्यावरचा हा कावळा पाच पुस्तकं पुरवायचा कसा.

गोष्ट सांगणाऱ्या आजीकडं नीट बघा. कावळा भाजला हे ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात ‘आ कर’ म्हणते. सगळी शैली त्यात आली. घटना काळी, आवाज सपाट. सांगणारा हळहळायला लागला की रडकथा होते आणि दात काढायला लागला की वात्रटपणा होतो.

या प्रकारातली गाजलेली इंग्रजी मालिका म्हणजे ‘अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स’. १९९९ ते २००६ या काळात १३ पुस्तकं आली, प्रत्येकात १३ प्रकरणं, फक्त शेवटच्यात एक जादा. डॅनिएल हँडलर यांनी ती लेमनी स्निकेट या नावानं लिहिली आणि हा स्निकेट स्वतःच कथेतलं एक पात्र आहे. त्यातली अनाथ मुलं आणि वेषांतर करणारा काउंट उचलू नका, ते ओळखू येतं. घ्यायचा तो सांगाडा: मुलांना सगळं दिसतं, मोठ्यांना काहीच दिसत नाही, खलनायक हास्यास्पद असतो पण त्याच्यामुळं होणारं नुकसान खरं असतं.

अन्याय एकच, पण गोल फिरणारा

पहिलं काम: सगळ्या मालिकेला पुरेल असा एक अन्याय शोधणं. तो मुलाला एका वाक्यात समजला पाहिजे आणि मोठ्यांना त्यात काही विशेष वाटता कामा नये. भूत, राक्षस, वेडा शास्त्रज्ञ इथं कमी पडतात, कारण त्यांना मोठी माणसंही घाबरतात. आपल्याकडं याहून भारी वस्तू घरोघरी आहे: कागद.

उदाहरणाला ही मांडणी घेऊ. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतला जुना वाडा. अकरा वर्षांची सई, आठ वर्षांचा बंड्या आणि त्यांच्या आईची आई, म्हणजे आज्जी. आज्जीचा लांबचा भाचा, मुलांचा मामा, वाड्यासाठी आज्जीला कागदोपत्री मयत करतो. आज्जी धडधाकट आहे, सोप्यात बसून लसूण सोलतीय. पण दाखला मेल्याचा आहे, आणि तो रद्द करायचा तर अर्जावर सही आज्जीची लागते. मयताची सही चालत नाही.

यातली खुबी शेवटपर्यंत जपून ठेवा: त्याच मामाला आज्जीची पेन्शनही सोडवत नाही. म्हणून दर नोव्हेंबरात तो बँकेत तिचा हयातीचा दाखलाही देतो. एका कार्यालयात आज्जी मेलेली, दुसऱ्यात जिवंत. मुलांना पाच पुस्तकांत करायचं काय, तर हे दोन कागद एका टेबलावर आणायचे.

आई-बाप मारायलाच हवेत असं नाही. नोकरीसाठी पुण्यात असलेले आणि फोनवर फक्त ‘मामांना त्रास देऊ नका’ म्हणणारे आई-बाप मेलेल्यांपेक्षा जास्त भयानक वाटतात.

कार्यालयांना खरी नावं आणि पत्ते देऊ नका, पण कामकाज खरं ठेवा. शहरातल्या वाड्याला सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं आणि ते नगर भूमापनाकडं मिळतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. हा आकडा फुकट मिळालेला टाइमबॉम्ब आहे, पहिलं पुस्तक या २१ दिवसांवरच चालवा. वेडेपणा एकच, बाकी सगळं नियमाप्रमाणं. नियमही मनचे लिहिलेत तर विनोद सुटतो, कारण मग काहीही होऊ शकतं आणि मुलाला भीती उरत नाही.

प्रकरणाची चाल

प्रत्येक प्रकरणात चार ठोके. मुलांना युक्ती सुचते. एक सज्जन मोठा माणूस प्रेमानं, चहा-बिस्किट देऊन, नाही म्हणतो. मामाचं फावतं. आणि मुलांच्या हाती एक किरकोळ वस्तू उरते: शाईचा पॅड, फाटकी पावती, टाचणी. ही वस्तू पुढच्या तीन प्रकरणांत उपयोगी पडलीच पाहिजे, नाहीतर वाचणारं पोर विचारतं, ‘त्या टाचणीचं काय झालं?’

नाही म्हणणारा माणूस दुष्ट नको. बहुतेक हस्तलिखितं इथंच फसतात: कारकून खेकसतो, मास्तर छडी मारतात, शेजारीण चहाडखोर निघते. सगळेच वाईट झाले की मामाचा वाईटपणा वाया जातो. ‘बाळा, मला पटतंय रे, पण सिस्टिममध्ये आज्जी मयत दाखवतंय’ असं म्हणून हळहळणारा क्लार्क दहापट परिणाम करतो.

सांगणारा

खरी मेहनत इथं आहे. मराठीत एक असं हत्यार आहे जे इंग्रजीला मिळत नाही: आदरार्थी बहुवचन. निवेदकाची पहिली खोड हीच: मामाला कधीही एकेरीत आणायचं नाही. नमुना बघा:

‘मामासाहेब आले. त्यांनी करकर वाजणाऱ्या चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, आज्जीच्या पायांना हात लावून नमस्कार केला, आणि तिच्या मृत्यूचा दाखला खिशातून काढून तिच्याच हातात दिला. “आत्या, नावात काही चूक राहिली नाही ना, तेवढं बघून घ्या,” ते नम्रपणे म्हणाले. आज्जीनं चष्मा लावला. चूक नव्हती.’

यातलं ‘आले’ काढून ‘आला’ करा, ‘नम्रपणे’च्या जागी ‘कुत्सितपणे’ घाला. चोरी तीच, पण हसू गेलं. क्रियाविशेषणात राग भरायचा मोह आवरा. शेवटचं दोन शब्दांचं वाक्यही मुद्दाम आहे. लांब, सभ्य वाक्यांच्या मागं एक तोकडं वाक्य आलं की तिथं हशा पिकतो. दर पानाला एकदा, जास्त नको.

दुसरी खोड शब्द समजावण्याची. निवेदक मध्येच थांबून अर्थ सांगतो, पण अर्थ प्रसंगानं वाकडा झालेला असतो. ‘मयत म्हणजे मेलेला माणूस. इथं मयत म्हणजे जी व्यक्ती आत्ता स्वयंपाकघरात तुमच्या वाटणीचं थालीपीठ लावत आहे ती.’ म्हणी तर या कामासाठीच जन्मल्यात. ‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण पुराच्या पुस्तकात अक्षरशः चालवा: काडी किती लांब, कुणाच्या मालकीची, तिची पावती कुठाय. एका प्रकरणात अशी एकच खोड ठेवा. दोन झाल्या की लेखक स्वतःवर खूश आहे हे पोरांना कळतं.

तिसरी खोड तात्पर्याची. मराठी बालगोष्टीच्या शेवटी तात्पर्य यायचंच, ही सवय वाचकाच्या हाडात आहे. तिच्यावर उलटा डाव टाका. ज्या प्रकरणात मुलं खरं बोलून फसतात त्याच्या खाली लिहा, ‘तात्पर्य: झेरॉक्स दोन काढाव्यात.’ बारा प्रकरणांत तीनदा पुरे. आणि खरं तात्पर्य कुठंही डोकावू देऊ नका. काही जाणते लोक हस्तलिखित वाचून ‘यातून मुलांनी काय घ्यायचं?’ विचारतीलच. हसून चहा द्यावा.

कोल्हापुरी किती

निवेदन प्रमाण मराठीत, संवाद इथल्या बोलीत. निवेदकही ‘लई भारी’ म्हणायला लागला की सपाटपणा जातो आणि सगळंच गावरान विनोदी एकांकिकेसारखं वाजतं. संवादातही ‘नाद खुळा’ आणि ‘भावा’ पेरून कोल्हापूर उभं राहत नाही, ते टी-शर्टवर असतं. बोली क्रियापदात आहे: ‘काय करायलाईस?’, ‘जेवलास न्हवं?’. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथल्या पोरी ‘मी येतो’, ‘मी आलो’ म्हणतात. सईनं तसंच बोलायचं. मुद्रितशोधक ते ‘मी येते’ करणार हे धरून चाला आणि हस्तलिखिताच्या पहिल्याच पानावर सूचना लिहून द्या. नाहीतर पाच पुस्तकांतली सई पुण्याची होऊन छापली जाते.

मुलं आज्जीला ‘तू’ म्हणतात, मामाला ‘तुम्ही’. शेवटच्या पुस्तकात सई मामाला एकदाच ‘तू’ म्हणेल. ती गोळी तोवर उडवायची नाही.

ऋतू आणि तपशील

काळ्या विनोदात वाचक खोट्या घटनेवर विश्वास ठेवतो तो खऱ्या तपशिलाच्या जोरावर. म्हणून वेळापत्रक आधी आखा.

पहिलं पुस्तक नोव्हेंबरात, कारण हयातीचे दाखले तेव्हाच द्यायचे असतात. त्याच सुमाराला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, सगळं गाव मावळतीच्या उन्हाकडं डोळे लावून उभं असतं, म्हणजे मुलांचं कोण ऐकणार? गुऱ्हाळंही सुरू झालेली असतात. मुलं चिपाडाच्या ढिगामागं लपलीयत, जळव्या त्याच ढिगातून चिपाड उपसून चुलवाणात सारतोय, काहिलीत रस उकळतोय आणि ढीग मुठीमुठीनं कमी होतोय. यात कुणी ओरडत नाही, कुणी पाठलाग करत नाही. गुळव्या उलट मुलांना गरम काकवी देतो. भीती फक्त ढिगाच्या उंचीत आहे. हाच प्रसंग जुलैत घातलात तर इथलं कुठलंही पोर पुस्तक मिटेल, पावसाळ्यात गुऱ्हाळ कुठलं?

पंचगंगेच्या घाटावरचा दहावाही कोरड्या दिवसांतच, पुरात घाट पाण्याखाली असतो. पिंड ठेवलाय, कावळा शिवत नाही. भटजी म्हणतात, मयताची काही इच्छा राहिलीय. मागं उभी असलेली आज्जी म्हणते, ‘च्या मिळाला न्हाई अजून.’ मामासाहेब घाईनं दर्भाचा कावळा करायला सांगतात. या प्रसंगात विधीची टिंगल नको. विधी बरोबर चालू दे, चुकीचं आहे ते फक्त मयत माणूस.

तिसरं पुस्तक पुराचं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर नुसता आकडा छापा: ३१, ३४, ३६. एक शब्द न लिहिता ताण वाढतो. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि वाचकांपैकी काहींनी ते माळ्यावर बसून बघितलंय. म्हणून विनोद पुरावर करायचा नाही, पुराच्या नियोजनाच्या बैठकीवर करायचा.

किती काळं

मरण एका वाक्यात, मरणानंतरची कागदपत्रं तीन पानं. इजा अंगाला नाही, वस्तूंना: सायकल, डबा, नवी चप्पल. मुलाला नव्या चपलेचं दुःख मोठ्यांच्या कल्पनेपेक्षा जास्त कळतं. कुत्रं मारू नका. आजीचं मरण पोरं सोसतात, कुत्र्याचं लेखकाला माफ करत नाहीत. जात, गरिबी, व्यंग, तोतरेपणा यांवर एकही विनोद नको, आणि मामाचा दुष्टपणा त्याच्या चेहऱ्यात ठेवू नका. वर्गात तसा चेहरा असलेलं पोर बसलेलं असतं. मामाची खूण म्हणजे चपलेची करकर, ती आधी ऐकू येते आणि तो नंतर दिसतो. तीन पुस्तकं हे असंच चालवा. चौथ्यात करकर ऐकू येते आणि दारात दुसराच, निरुपद्रवी माणूस उभा असतो. त्यानंतरच्या पानावर मामा अनवाणी येतो.

तपासणी अशी करा: पाचवी-सहावीतल्या चार-पाच मुलांना दोन प्रकरणं मोठ्यानं वाचून दाखवा. ‘आवडलं का?’ विचारू नका, ती हो म्हणतात. ‘पुढं काय होईल?’ विचारा. उत्तरं वेगवेगळी आली तर प्रकरण जिवंत आहे. वाचताना एखादं मूल तुमच्या चेहऱ्याकडं बघू लागलं, तर तिथं तुमचा आवाज हलला, ते वाक्य पुन्हा लिहा.

आकाराचा हिशेब आधीच मांडा. बारा प्रकरणं, प्रत्येकी १,३०० शब्द, म्हणजे १५,६००. डेमी आकारात, मोठ्या टाइपात पानाला सुमारे २०० शब्द धरले तर ७८ पानं. बारा पानभर चित्रं, सुरुवातीची सहा पानं. एकूण ९६, म्हणजे १६ पानी बरोबर सहा फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा). चार पानं वाढली तर सातवा फर्मा उघडतो आणि किंमत चढते. चित्रं काळ्या शाईत, नुसत्या रेषेची, आणि चित्रात लिहिलंय तेच परत नको. मजकुरात दाखला आला की चित्रात आज्जीची थालीपिठाची ताटली.

शेवट

पाचव्या पुस्तकात आज्जी खरंच जाते. रात्री, झोपेत, एका वाक्यात. मुलं नोंद करायला जातात आणि तो हळहळणारा क्लार्क म्हणतो, ‘बाळा, या नावाची नोंद आधीच झालीय, दुसऱ्यांदा होत नाही.’ आता हयातीचे दाखले आणि मृत्यूचा दाखला शेजारी शेजारी ठेवावेच लागतात, मामासाहेब सापडतात, आणि सई त्यांना ‘तू’ म्हणते. पाच पुस्तकं सपाट ठेवलेला निवेदकाचा आवाज इथं एकदाच, अर्ध्या ओळीपुरता तुटू द्या. शब्दाचा अर्थ सांगायला तो सवयीनं थांबेल: ‘मयत म्हणजे’. पुढं अर्थ लिहू नका. ओळ तिथंच सोडा, पूर्णविरामही नको. मुद्रितशोधक तो घालणारच, तेव्हा ही सूचनाही पहिल्या पानावर.