इंग्रजी वाक्प्रचाराचं मूळ शोधताना: आधी साल, मग गोष्ट

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांत इंग्रजी वाक्प्रचार बहुधा यादीने शिकवले जातात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी, आणि पेपर झाला की पाटी कोरी. मूळ सांगितलं तर मुलांच्या ध्यानात राहतं, हे खरं. पण मोबाईलवर फिरणाऱ्या मूळकथा बऱ्याचदा रचलेल्या असतात, आणि एकदा वर्गात सांगितलेली चुकीची कथा पुढच्या पिढीपर्यंत जाते. खालची पद्धत शिक्षकांना उपयोगी आहे, तशीच स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही. एक मोठी वही आणि इंटरनेट असलेला फोन एवढंच साहित्य लागतं.

सुरुवात अर्थापासून करा, मुळापासून नव्हे. वाक्प्रचार शब्दन् शब्द नेमका लिहा आणि त्याखाली वर्तमानपत्रातून किंवा पुस्तकातून तो वापरलेली दोन खरी वाक्यं उतरवा. स्वतः वाक्य बनवू नका, कारण आपण चुकीचा अर्थ धरला असेल तर वाक्यही त्याच अर्थाचं बनतं. 'हॉब्सन्स चॉइस' पाहा. गाइडमध्ये त्यापुढे 'इकडे आड तिकडे विहीर' छापलेलं आढळतं, ते चूक आहे. आड आणि विहीर म्हणजे दोन वाईट पर्याय. टॉमस हॉब्सन हा केंब्रिजचा घोडे भाड्याने देणारा माणूस, १६३१मध्ये वारला. तबेल्यात घोडे पुष्कळ, पण गिऱ्हाइकाने दाराजवळचाच घोडा न्यायचा, नाहीतर चालू पडायचं, असा त्याचा नियम. चांगल्या घोड्यांवर रोज ताण पडू नये, सगळ्यांना पाळीपाळीने विश्रांती मिळावी, हा हेतू. म्हणजे पर्याय एकच, 'घ्यायचं तर हेच, नाहीतर काहीच नाही'. मूळ माहीत असलं की गाइडमधली चूक लगेच दिसते.

दुसरं काम साल शोधण्याचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात प्रत्येक अर्थाखाली जुन्यातला जुना सापडलेला उतारा सालासकट दिलेला असतो. तो पैसे भरून पाहावा लागतो, म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयाने वर्गणी भरली आहे का ते आधी विचारा. नसेल तर ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी आणि ग्रीनचा बोलभाषेचा कोश इंटरनेटवर फुकट आहेत. त्यानंतर गूगल बुक्समध्ये वाक्प्रचार दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधा आणि सालांची मर्यादा मागे मागे सरकवत न्या.

इथे तीन ठिकाणी फसायला होतं. मासिकाच्या सगळ्या अंकांना कधी कधी पहिल्या अंकाचंच साल चिकटवलेलं असतं, म्हणून १८५० दिसलं तरी छापील पान उघडून साल डोळ्यांनी पाहा. अठराव्या शतकातल्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला एस लांबोळा, जवळजवळ एफसारखा असे. यंत्र 'सेल'चं 'फेल' वाचतं, त्यामुळे काहीच सापडलं नाही तर एसच्या जागी एफ घालून एकदा पाहावं. तिसरी फसगत आलेखाची. गूगलच्या एनग्रॅममध्ये, म्हणजे छापील पुस्तकांत एखादा शब्द कोणत्या साली किती आला याचा आलेख काढणाऱ्या सोयीत, पाच शब्दांपर्यंतच शोधता येतं आणि किमान ४० पुस्तकांत न आलेला शब्दसमूह तिथे दिसतच नाही. आलेख सपाट आहे एवढ्यावरून 'तेव्हा हा वाक्प्रचार नव्हता' असं म्हणू नका.

साल हाती आलं की अर्ध्या कथा आपोआप गळतात. 'बाइट द बुलेट' म्हणजे नको असलेली गोष्ट मन घट्ट करून पार पाडणं. आपल्याकडे त्याचं मूळ १८५७च्या काडतुसांशी जोडायची फार हौस आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या बेळगावात ही कथा पटकन पटतेही. पण एन्फील्ड रायफलच्या काडतुसाचं दातांनी तोडायचं ते कागदी टोक दारूच्या बाजूचं, गोळीच्या बाजूचं नव्हे. शिवाय अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस ग्रोस याने केलेल्या गावरान इंग्रजीच्या कोशात, फटक्यांची शिक्षा होताना तोंडातून आवाज निघू नये म्हणून सैनिक गोळी चावत, अशी नोंद आहे. ती बंडाच्या कितीतरी आधीची. गुंगीचं औषध नसताना शस्त्रक्रियेच्या वेळी गोळी चावायला देत, ही कथाही जपून सांगा. वेदनेने तडफडणाऱ्या माणसाच्या घशात ती अडकण्याचा धोका उघड आहे. दातांत धरायला चामडं किंवा लाकडाचा तुकडा जास्त सोयीचा. मराठीत 'मन घट्ट करणं' बसतं. 'छातीवर दगड ठेवणं' जवळचं वाटलं तरी त्यात दुःख गिळण्याची छटा आहे.

जुनी रूपं कशी बोलतात

वाक्प्रचाराचं आजचं रूप आणि पहिलं रूप यांत फरक असेल तर तो वहीत ठळक लिहा. 'हॅव युवर केक अँड ईट इट' हे मुलांना कळत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. केक हातात आहे तर खाणारच की! १५४६च्या जॉन हेवूडच्या म्हणींच्या संग्रहात क्रम उलटा आहे: केक आधी खायचा आणि मग तो शिल्लकही हवा. बेळगावात सांगायचं तर कुंदा खाऊनही टाकायचा आणि डबाही भरलेला पाहिजे. क्रम उलटला की अर्थ लख्ख होतो. 'हेड ओव्हर हील्स' (पुरतं बुडून, विशेषतः प्रेमात) याचंही तसंच. डोकं पायांच्या वर असणं ही तर नेहमीचीच स्थिती. जुनं रूप 'हील्स ओव्हर हेड', म्हणजे कोलांटी.

'द होल नाइन यार्ड्स', म्हणजे सगळंच्या सगळं, हा तर मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा, कारण नऊवारी. मूळ आपल्या लुगड्यात आहे असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याला सालं दाखवा. १९०७मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका गावच्या पेपरात 'फुल नाइन यार्ड्स' आलं, ते बेसबॉलच्या सामन्याच्या बातमीत. १९१२मध्ये केंटकीतल्या पेपरात 'होल सिक्स यार्ड्स' छापलं आहे. आकडाच बदलतो, म्हणजे त्या आकड्यावर उभ्या केलेल्या सगळ्या कथा कोसळतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या मशीनगनचा पट्टा नऊ यार्ड लांब होता, ही त्यातली सर्वांत लाडकी. तिला तर सालच आड येतं. (सहा यार्ड ऐकून कुणी सहावारी काढली तर हात जोडावेत.)

यानंतर कथेतली वस्तू तपासा. १९९९मध्ये ईमेलवरून फिरलेल्या एका मजकुरात 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स'चं मूळ असं दिलं होतं: जुन्या काळी कुत्री-मांजरं गवताच्या छपरावर झोपत आणि पाऊस आला की घसरून खाली पडत. जांबोटी-कणकुंबीकडे गवती छपराचं घर ज्याने पाहिलं आहे त्याला विचारा. मांजर चढेल, कुत्रा तिथे बिऱ्हाड करणार नाही, आणि पाऊस लागला की कुठलंही जनावर आडोसा शोधतं, उघड्या छपरावर थांबत नाही. छापील नोंदी सतराव्या शतकाच्या मध्यापासून मिळतात आणि त्यांत छपराचा पत्ता नाही. मराठीत 'मुसळधार' पुरे.

'रेड हेरिंग' म्हणजे खारवून धुरावर तांबूस केलेला मासा. वास इतका उग्र की शिकारी कुत्र्यांना चकवायला तो वाटेवर ओढत, ही गोष्ट सुक्या बांगड्याचा वास ओळखणाऱ्याला लगेच खरी वाटते. प्रत्यक्षात तशी काही पद्धत होती म्हणून हा वाक्प्रचार आलेला नाही. विल्यम कॉबेट या पत्रकाराने १८०७मध्ये, नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या बातमीने भुललेल्या वर्तमानपत्रांना टोला मारण्यासाठी, लहानपणी आपण सशामागे लागलेल्या कुत्र्यांना असं चकवलं होतं अशी गोष्ट लिहिली. दिशाभूल हा अर्थ त्या लेखणीतून पसरला. म्हणजे कधी कधी मूळ एखाद्या चालीत नसून कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीतच असतं, आणि तसं असेल तर तसंच सांगावं.

खरी मुळंही चिक्कार आहेत. 'बाय अँड लार्ज' १६६९च्या नाविकांच्या पुस्तकात सापडतं: 'बाय' म्हणजे वाऱ्याच्या तोंडाशी धरून आणि 'लार्ज' म्हणजे वारा पाठीशी घेऊन. दोन्ही तऱ्हांनी नीट चालणारं जहाज, म्हणून 'एकूण पाहता'. 'रीड द रायट अ‍ॅक्ट' तर कायद्याच्या पुस्तकातूनच आला. ब्रिटनमध्ये १७१५पासून अमलात आलेल्या त्या कायद्याप्रमाणे १२ किंवा जास्त लोकांच्या दंगेखोर जमावापुढे अधिकारी ठरावीक मजकूर मोठ्याने वाचत, आणि तासाभरात न पांगणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होऊ शके. जमावबंदीचा हुकूम सीमाभागाला नवा नसल्याने हे इथल्या मुलांना फार समजवावं लागत नाही. आजचा अर्थ मात्र 'फैलावर घेणं' एवढाच. 'बॉयकॉट' हे १८८०मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात लोकांनी वाळीत टाकलेल्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटचं आडनाव. 'पँडोराज बॉक्स' (उघडली की संकटांमागून संकटं बाहेर पडतात अशी गोष्ट) यातली पेटी ग्रीकांकडे रांजण होती. एरॅस्मस या डच पंडिताने लॅटिनमध्ये ती पेटी केली.

आता वहीचं पान तीन खणांत आखा: इंग्रजी, मराठी, कन्नड. ही सोय पुण्या-मुंबईच्या मुलांना नाही, इथल्यांना आहे, आणि ती वाया घालवू नये. 'कट युवर कोट अकॉर्डिंग टू युवर क्लॉथ'ला मराठीत 'अंथरूण पाहून पाय पसरावे', कन्नडात 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. इंग्रजीत शिंपी, आपल्या दोन्ही भाषांत तेच अंथरूण. 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स'पुढे 'नाचता येईना अंगण वाकडे' आणि 'कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळंते'. चित्र वेगळं, अर्थ एक, हे एका ओळीत दिसतं. 'लांडगा आला रे आला' इंग्रजीशी तंतोतंत जुळतं, कारण दोन्हीकडे इसापचीच गोष्ट आहे. जुळणारी म्हण सापडली नाही तर खण रिकामा ठेवा आणि अर्थ साध्या वाक्यात लिहा. ओढूनताणून बसवलेली म्हण मुलांच्या डोक्यात कायमची चुकीची बसते. 'हिमनगाचं टोक', 'लालफीत' यांच्यासारखे इंग्रजीवरून आलेले शब्द मराठीत रुळले आहेत, तेव्हा त्यांना नाक मुरडायचं कारण नाही. फक्त वहीत 'इंग्रजीवरून' अशी खूण करा.

शेवटचा तपास वापराचा. वाक्प्रचाराचे शब्द गोठलेले असतात. 'बाइट द बुलेट्स' असं अनेकवचन, किंवा 'डॉग्स अँड कॅट्स' असा उलटा क्रम केला की गुण जातात. 'ही किक्ड द बकेट' म्हणजे मेला, पण तेच कर्मणी करून 'द बकेट वॉज किक्ड' केलं की फक्त बादलीला लाथ बसते. शिवाय हा प्रयोग आपल्या 'गचकला'च्या तोडीचा आहे. मुख्याध्यापकांच्या वडिलांच्या निधनावर इंग्रजीत शोकपत्र लिहायला सांगितलं तर तिथे 'पास्ड अवे' लिहायचं, हे अर्थासमोर लाल शाईने नोंदवून ठेवा.