पन्नाशीनंतरचे नेटकेपण: आधी मापाचा ब्लाउज बदला

पुतणीच्या लग्नात शेवटच्या मंगलाष्टकाला अक्षता टाकण्यासाठी मी हात वर केला आणि उजव्या मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडतात तिथे, शिवण उसवल्याचा बारीक आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ब्लाउज अगदी नवा होता. परंतु शिवायला टाकताना सोबत दिलेला मापाचा ब्लाउज मी बेचाळीस वर्षांची असतानाचा होता आणि त्या दिवशी मी चौपन्न वर्षांची होते. साडी, दागिने आणि केसांचा रंग यांवर महिनाभर खल करणाऱ्या मला माप नव्याने द्यावे, एवढे सुचले नव्हते. वाढत्या वयात सजण्याचे जे प्रयत्न फसतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ मला इथेच दिसते: वस्तू नवी येते, पण अंगाचे, त्वचेचे, केसांचे आणि नजरेचे माप आपण जुनेच धरून चालतो.

म्हणून पहिले काम मापाच्या ब्लाउजला रजा देण्याचे. रजोनिवृत्तीनंतर वजन फारसे वाढले नाही तरी चरबीची जागा बदलते; ती पोटाकडे, पाठीकडे आणि दंडांकडे सरकते, छातीची रेषा खाली येते आणि खांदे किंचित पुढे झुकतात. दर दोन वर्षांनी अंगावर टेप लावूनच माप द्यावे आणि त्या वेळी जी ब्रा त्या ब्लाउजखाली घालणार आहात, तीच घातलेली असावी. खांद्यापासून टक्सच्या, म्हणजे छातीपाशी शिवलेल्या निमुळत्या चुणीच्या, टोकापर्यंतचे माप मुद्दाम वेगळे घ्यायला सांगावे, कारण कटोरी (छातीवरचा गोलाकार भाग) जुन्याच उंचीवर बसवली तर कापड कितीही भारी असले तरी समोर चुण्या पडतात. बाही दंडाच्या सर्वांत जाड जागी संपू देऊ नये. ती तिथे संपली की नजर नेमकी तिथेच अडकते, आणि कोपराच्या दोन बोटे वर किंवा कोपराखाली आणली की तोच हात सडपातळ वाटतो. कच्च्या शिलाईवर घालून पाहताना अंबाड्यात गजरा माळत असल्यासारखे दोन्ही हात वर न्यावेत. असे करताना ब्लाउज कमरेवरून बराच वर सरकला, तर मुंढा जास्त खोल कापला गेला आहे असे समजावे. सैल मुंढ्यात हात मोकळा राहतो ही समजूत चुकीची आहे. मुंढा काखेजवळ नीट बसलेला असेल आणि पाठीची रुंदी पुरेशी असेल, तरच हात मोकळा हलतो. दोन्ही बाजूंच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे पुढे उसवून सैल करता येईल असे जादा कापड, ठेवायला सांगावे आणि खांदा आखडण्याची तक्रार असेल, तर मागच्या हुकांचा हट्ट सोडून हुक पुढे घ्यावेत.

परकराचेही असेच आहे. वयाबरोबर पाठीच्या मणक्यांमधील चकत्या दबून उंची थोडी कमी होते, त्यामुळे जुना परकर जमिनीला टेकू लागतो आणि जिना उतरताना पायात अडकतो. तो बोटभर आखूड करून घेतल्याने साडी चापून बसते आणि पडण्याचा धोकाही टळतो. नाडीकडे तर अधिकच लक्ष हवे. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क स्त्रियांची प्रकरणे मांडली होती. अनेक वर्षे कमरेला घट्ट बांधण्याच्या सवयीने त्वचा घासून झालेली जखम भरून न येता तिथे त्वचेचा कर्करोग उद्भवला होता. असे क्वचितच घडते, परंतु कमरेवरचा काळा वळ बहुतेकींच्या परिचयाचा असतो. बारीक नाडीऐवजी दोन-अडीच इंच रुंद पट्टा लावावा, गाठीची जागा रोज थोडी बदलावी, घरात असताना सैल कपडे घालावेत, आणि त्या जागेवरची जखम तीन-चार आठवड्यांत बरी झाली नाही तर डॉक्टरांना दाखवावी.

रंगांच्या बाबतीत, ‘आता या वयात फिकेच बरे’ हा उपदेश मला कधीही पटलेला नाही. केस पांढरे होऊ लागले की चेहऱ्याभोवतीची गडद चौकट नाहीशी होते आणि त्यामुळे पूर्वी खुलणारा फिका बदामी किंवा मोतिया रंग आता चेहरा ओढलेला दाखवू शकतो. दिवसाच्या उजेडात खिडकीशी उभे राहून तीन-चार पदर आळीपाळीने हनुवटीखाली धरावेत. ज्या रंगाने डोळ्यांखालची काळी वर्तुळे अधिक दिसतात, तो बाजूला ठेवावा. डाळिंबी, मोरपंखी आणि जांभळा हे रंग चंदेरी केसांशेजारी फार सुरेख दिसतात. जरीच्या भरगच्च पैठणीचे ओझे दिवसभर खांद्यावर सोसत नसेल, तर ती मुहूर्तापुरती नेसावी आणि जेवणाच्या वेळी इरकल किंवा नारायणपेठ नेसावी. घट्टपणे पिनांनी टाचलेल्या आणि पावलोपावली सावरत राहाव्या लागणाऱ्या साडीत कुणीही थकलेलेच दिसते.

आता त्वचेविषयी. भारतात रजोनिवृत्ती सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी येते आणि त्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजेन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारे प्रथिन, सुमारे ३० टक्क्यांनी घटते, त्यामुळे विशीतला तेलकट चेहरा डोळ्यांसमोर ठेवून साबण निवडणे थांबवावे. कडकडीत पाण्याने स्नान आणि डाळीच्या पिठाने खसाखसा घासणे, दोन्ही कोरड्या त्वचेला सोसत नाहीत. उटणे दिवाळीत अवश्य लावावे, पण दुधात किंवा सायीत कालवून, हलक्या हाताने. अंग टिपल्यावर ते किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावले, तर पाणी त्वचेत टिकून राहते. सनस्क्रीन एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० चे असले तरी पुरते, कारण ते अतिनील ब किरणांपैकी सुमारे ९७ टक्के किरण अडवते आणि एसपीएफ ५० मुळे हा आकडा ९८ च्या आसपास जातो; खरा फरक पडतो तो लावण्याच्या मापाने. तर्जनी आणि मधले बोट या दोन बोटांच्या लांबीइतके सनस्क्रीन चेहरा आणि मानेला लागते, तर आपण बहुतेक जणी वाटाण्याएवढे लावून समाधान मानतो. वांग असेल तर लोह ऑक्साइड असलेले, म्हणजे किंचित रंगाचे सनस्क्रीन घ्यावे, कारण दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतो. शेजारणीने सुचवलेली, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली गोरेपणाची मलमे मात्र कटाक्षाने टाळावीत. त्यांपैकी अनेकांत स्टेरॉइड असते. चेहरा पहिले काही आठवडे उजळतो आणि पुढे त्वचा पातळ होऊन लाल पडते, हनुवटीवर लव वाढते आणि मलम थांबवताच आग होऊ लागते.

कपाळावर टिकलीच्या जागी पांढरट डाग दिसू लागला, तर टिकलीचा संशय घ्यावा. काही टिकल्यांच्या डिंकातील रसायनामुळे त्या जागेचा रंग जातो, आणि टिकली वेळीच बंद केली नाही तर डाग पसरू शकतो. साधे मेण लावून त्यावर विश्वासाच्या दुकानातली पिंजर लावण्याची आईची पद्धत इथे उपयोगी पडते, मात्र खाज सुटल्यास तीही थांबवावी. काजळ खालच्या पापणीत भरले की ते दुपारपर्यंत सुरकुत्यांत उतरते, म्हणून वरच्या पापणीच्या मुळाशी बारीक रेघ ओढावी. जवळचे दिसत नसताना हे करणे हा एक विनोदच असतो. पाच पट मोठे दाखवणारा आरसा खिडकीपाशी लावला, तर भुवईची रेघ आणि हनुवटीवरचा एखादा जाड केस, दोन्ही वेळेवर दिसतात. भुवया फार बारीक कोरू नयेत, कारण या वयात त्या पुन्हा पूर्वीसारख्या भरतीलच असे नाही.

केस रंगवायचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु रंगवायचेच असतील तर मिट्ट काळा रंग निवडू नये, कारण निवळलेल्या चेहऱ्याभोवती तो टोप घातल्यासारखा दिसतो. मूळ रंगापेक्षा एक-दोन छटा उजळ तपकिरी रंग घेतल्यास महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढणारी पांढरी मुळेही चटकन नजरेत भरत नाहीत. डबीवर लिहिलेली चाचणी प्रत्येक वेळी करावी; थोडा रंग कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहावी, कारण केसांच्या रंगातील पीपीडी या रसायनाची ॲलर्जी वर्षानुवर्षे रंग लावणाऱ्या स्त्रीलाही अचानक होऊ शकते. नुसती मेंदी पांढऱ्या केसांना नारिंगी करते. तपकिरी छटा हवी असेल तर मेंदी धुतल्यावर नीळ, म्हणजे निळीच्या पानांची पूड, लावावी लागते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडीच असते, हे लक्षात ठेवावे. भांग रुंद होत असेल तर तेले बदलत बसण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावे आणि दरम्यान भांगाची बाजू बदलावी. वर्षानुवर्षे एकाच रेषेत पडलेले केस दुसरीकडे वळवले की मुळांशी उचलले जातात.

जड झुमक्यांनी कानाचे छिद्र ओघळले असेल, तर वेल लावून त्यांचा भार केसांवर घ्यावा किंवा रोजच्यासाठी कुड्या घालाव्यात. छिद्र पूर्ण फाटले असले तरी जागा बधिर करून ते शिवता येते आणि काही महिन्यांनी कान पुन्हा टोचता येतो. राहिल्या चपला. वयाबरोबर पाऊल लांब आणि पसरट होत जाते, त्यामुळे ‘माझा नंबर पाच’ असे दुकानात सांगण्याऐवजी संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, दोन्ही पावले मोजून घ्यावीत आणि मोठे पाऊल ज्या नंबरात आरामात बसेल, तोच नंबर घ्यावा. माझा आता सहा आहे.