पोरांची कास्ट व्हॅलिडिटी कशी काढायची, आणि अडकली तर कोर्ट कुठं कामी येतं (नाशिकवाल्यांसाठी)

अकरावी सायन्सला ॲडमिशन झाली की त्याच वर्षी सुरू करा, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकलला राखीव सीट हवी तर प्रांत ऑफिसचा जातीचा दाखला एकटा पुरत नाही, जात पडताळणी समितीचं व्हॅलिडिटी सर्टिफिकेट लागतं, ते मुदतीत नाही आलं की पोरगं सरळ ओपनच्या लाइनीत. सरकार कधीकधी मुदत वाढवतं, पण त्या भरवशावर बसलेल्यांचे हाल बघवत नाहीत.

एससी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), ओबीसी, एसबीसी (विशेष मागास), एसईबीसी (मराठा आरक्षण) यांचा अर्ज जिल्हा समितीकडे, ऑफिस नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात, फॉर्म बार्टीच्या (सामाजिक न्याय खात्याची संस्था) पोर्टलवर ऑनलाइन. एसटीची समिती वेगळी, आदिवासी विकास खात्याची. पेठ, सुरगाणा, कळवणकडच्यांनी आधी हे नीट बघून घ्या, नाहीतर चुकीच्या दारात अख्खा दिवस जातो.

आता मेन गोष्ट, जुना कागद. एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा वडिलांकडच्या नात्यातला लागतो (आईकडचे कागद सहसा धरत नाहीत). आजोबा ज्या झेडपी शाळेत शिकले तिथल्या जनरल रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली असते. पानं मोडी लिपीत निघाली तर जाणकाराकडून वाचून घ्या. आणि पणजोबाचं नावच माहीत नसेल तर शोधणार काय? तेव्हा त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांकडे जा, त्यांच्या वह्यांमध्ये घराण्याची नामावळ असते. समितीपुढं ती कितपत टिकेल ते सोडा, पण नावं आणि मूळ गाव कळलं की रजिस्टरमध्ये शोधणं सोपं.

नावांचा घोळ सगळ्यांकडे असतो. एका कागदावर "रामा सखा", दुसऱ्यावर "रामचंद्र सखाराम", आडनावाचा पत्ता नाही. वंशावळीचं ॲफिडेव्हिट (नमुना ३) करताना दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे स्पष्ट लिहा, सोबत नमुना १७ चं ॲफिडेव्हिट जोडा. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असा करा, अर्ध्या त्रुटी अंधुक फोटोमुळेच निघतात.

सख्ख्या काकाची किंवा चुलतभावाची व्हॅलिडिटी असेल तर ती आधी जोडा. मुंबई हायकोर्टानं २०१० मध्ये अपूर्वा निचळे केसमध्ये सांगितलंय की वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशी होऊन व्हॅलिडिटी मिळाली असेल तर समितीनं ती मानावी, ती फसवून घेतलेली किंवा चौकशीशिवाय दिलेली असेल तर गोष्ट वेगळी.

ही समिती, तिचं चौकशी करणारं दक्षता पथक वगैरे सगळं आलंच मुळात कोर्टातून. १९९४ मध्ये माधुरी पाटील केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ही पद्धत घालून दिली, राज्याचा कायदा त्यानंतरचा. या कायद्यात पुरावा द्यायची जबाबदारी आपल्यावर आहे, "तुम्हीच शोधा ना साहेब" चालत नाही. एसटीवाल्यांच्या घरी पथक येतं, आजीला विचारतं कुलदैवत कोणतं, लग्नात काय रीत, मेल्यावर काय करता. पोरगी सिडकोत वाढलेली, तिला काय माहीत असणार? पण घाबरू नका, मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी ठाकूर जमातीच्या केसमध्ये सांगितलं की ही आप्तभाव चाचणी म्हणजे शेवटची कसोटी नव्हे आणि प्रत्येक केस पथकाकडे पाठवायचीही गरज नाही. पथकाचा रिपोर्ट विरोधात गेला तर कॉपी घ्या, लेखी उत्तर द्या, त्यात हा निकाल नावानिशी टाका. तोंडी भांडून काही होत नाही.

दावा फेटाळला तर कलेक्टरकडे, मंत्र्याकडे अपील नसतं. थेट हायकोर्टात रिट याचिका, आणि नाशिक जिल्हा औरंगाबाद खंडपीठात नाही, मुंबईत येतो. आदेशाची कॉपी मिळाली की त्याच आठवड्यात वकील गाठा, ॲडमिशनची तारीख जवळ असेल तर अंतरिम दिलासा मागायला सांगा. आणि एजंट पैसे घेऊन "करून देतो" म्हणाला तर लांब राहा, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं (बहिरा केस) स्पष्ट केलंय की खोट्या दाखल्यावर घेतलेली ॲडमिशन, नोकरी टिकत नाही. डिग्रीसुद्धा जाते.

एसईबीसीवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, २०१८ चा कायदा ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टात पडला, २०२४ चा १० टक्क्यांचा कायदाही कोर्टात गेलाय, त्यामुळे व्हॅलिडिटी काढाच पण फॉर्म भरताना ओपनमध्ये कुठं लागेल तेही बघून ठेवा. आयआयटी, एनआयटीला एसईबीसी चालतच नाही. ओबीसींना तिथं केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं नॉन-क्रीमी लेअर लागतं, तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेलं, राज्याचं दाखवून उपयोग नाही. सेतूत गर्दी मेपासून वाढते, एप्रिलमध्येच उरकून घ्या.