पालीचा जमाखर्च कसा मांडावा

ज्याने सगळा ऊस गाळपाला घातला त्याच्याकडे पुढच्या लागणीसाठी बेणे उरत नाही, हे कोल्हापूर जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पालीचा आणि सरड्याचा व्यवहारही याच जातीचा आहे. खाल्लेल्या किड्यांतून मिळणारी ऊर्जा ठरावीक असते आणि तिच्यातूनच अंगाची वाढ, अंडी आणि पडत्या काळासाठीची शिल्लक असे तीन खर्च भागवावे लागतात. एका खात्यावर जास्त टाकले की दुसऱ्यात काटछाट होते. ही काटछाट घरच्या भिंतीवर वर्षभर पाहून नोंदवता येते. त्यासाठी एक वही, मोबाइलचा कॅमेरा आणि बऱ्यापैकी चिकाटी एवढे पुरेसे आहे.

नोंदींची सुरुवात फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी, म्हणजे उन्हाळा, वळीव, पावसाळा आणि थंडी हे सगळे एकाच वहीत ओळीने येतात. जागा मात्र एकच निवडावी. रात्री दिवा लागतो अशी फरशी बसवलेली भिंत सर्वांत सोयीची, कारण फरशीची रुंदी माहीत असते आणि तीच मोजपट्टीचे काम करते. पाल सरळ ताणलेली असताना, कॅमेरा भिंतीशी काटकोनात धरून छायाचित्र घ्यावे आणि तिची लांबी फरशीच्या प्रमाणात काढावी. शेपूट या मापात धरू नये, कारण ती तुटते आणि पुन्हा येते. शास्त्रीय माप तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतचे असते, परंतु पाठीच्या बाजूने गुदद्वार दिसत नसल्यामुळे मागच्या पायांच्या बेचक्यापर्यंत मोजावे आणि प्रत्येक वेळी तसेच मोजावे. पंधरवड्यातून एक माप पुरते. रोज मोजल्यास वाढीपेक्षा आपल्याच चुका जास्त नोंदल्या जातात.

प्रत्येक पाल वेगळी ओळखता आल्याशिवाय पुढचे काहीच साधत नाही. पाठीवरचे ठिपके, तुटलेले बोट, शेपटीचा आकार आणि बसण्याची ठरलेली जागा यांवरून चार-पाच पाली सहज ओळखू येतात. त्यांना क्रमांक द्यावेत. पकडून अंगावर खुणा करण्याच्या फंदात पडू नये. घाबरलेली पाल शेपूट टाकते आणि आपणच तिचा हिशेब बिघडवतो.

प्रजननाचे खाते पाहण्यासाठी खिडकीची काच फार उपयोगी पडते. पाल बाहेरून काचेवर बसली की तिचे पोट आतून दिसते आणि गाभण मादीच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी स्पष्ट ओळखता येतात. घरपाल बहुधा एका वेळी दोनच अंडी घालते. त्यामुळे खाणे भरपूर असले तरी तिला एका खेपेत पाच-सहा अंडी घालता येत नाहीत. खर्च वाढवायचा तर खेपा वाढवाव्या लागतात किंवा अंडी थोडी मोठी करावी लागतात. बागेतला सरडा वेगळ्या रीतीने खर्च करतो. त्याची मादी ओल्या, मऊ मातीत खड्डा करून एकदम दहा-वीस अंडी पुरते, म्हणजे महिन्यांची कमाई एका दिवसात मोकळी करते. म्हणून पालीच्या पानावर दोन खेपांमधील दिवस मोजावेत आणि सरड्याच्या पानावर अंडी घालण्यापूर्वीचे आणि नंतरचे पोट यांची छायाचित्रे शेजारी चिकटवावीत.

शिलकीचे खाते मुख्यतः शेपटीत असते. शेपटीच्या बुडाशी आणि पोटातही चरबी साठते. बूड गोल आणि भरलेले असेल तर शिल्लक चांगली, कमरेची हाडे वर आलेली दिसत असतील तर ती संपत आली असे समजावे. शत्रूच्या तोंडी शेपूट देऊन पाल जीव वाचवते, पण त्याबरोबर साठाही जातो आणि नवी शेपूट उगवण्यासाठी पुन्हा ऊर्जा लागते, जी एरवी वाढीत किंवा अंड्यांत गेली असती. नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची दांडी असते. रंग आणि नक्षीही मूळच्या शेपटीशी जुळत नाही, त्यामुळे ती ओळखणे सोपे असते. खोडवा आणि लागण यांतला फरक बांधावरून ओळखणाऱ्याला हेही जमेल. शेपूट तुटल्याची तारीख सापडली तर तिच्यापुढची तीन-चार मापे विशेष काळजीने घ्यावीत, कारण वहीतले सर्वांत बोलके पान बहुधा तेच ठरते.

हवामानाचा रकाना वगळू नये. पाल अंग तापवण्यासाठी अन्न जाळत नाही, म्हणून तेवढ्याच वजनाच्या उंदराला स्वस्थ बसून जेवढी ऊर्जा लागते तिच्या साधारण दहाव्या हिश्श्यात तिचे भागते. पण थंडीत तिचे पचन आणि हालचालही मंदावते. डिसेंबर-जानेवारीत माप जागचे हलले नाही तर तो मोजणीचा दोष मानू नये. उलट, वळवाच्या पहिल्या सरीनंतर पंखवाल्या वाळवीची झुंबड दिव्यावर येते, ती रात्र पालींच्या मोठ्या कमाईची. त्या रात्री कोणत्या पालीने किती वेळा झडप घातली हे जरूर लिहावे.

आता सर्वांत फसवा भाग. महिनाअखेर वही चाळताना असे आढळेल की दिव्याखालची धष्टपुष्ट पाल वाढतेही जास्त आणि अंडीही जास्त वेळा घालते, आणि मग काटछाटीचा सिद्धांतच खोटा वाटू लागतो. येथे शंकेची पाल चुकचुकली पाहिजे. मोठा बागायतदार बंगलाही बांधतो आणि मोटारही घेतो, म्हणून त्याला पैशाची निवड करावीच लागत नाही असे होत नाही. त्याची मिळकतच मोठी असते. व्हॅन नूर्डवाइक आणि डी याँग या जीवशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये नेमके हेच गणिताने मांडले, की मिळकतीतला फरक वाटपातल्या फरकापेक्षा मोठा असला की काटछाट झाकली जाते. यावर घरगुती उपाय एकच आहे. दोन पालींची तुलना करण्याऐवजी एकाच पालीची तिच्याशीच तुलना करावी, म्हणजे अंडी पोटात असलेल्या महिन्यातली वाढ आणि तिचीच रिकाम्या महिन्यातली वाढ शेजारी ठेवावी. पूर्ण वाढलेल्या पालीत हा फरक पुसट दिसतो; नुकतीच वयात आलेली, अजून वाढत असलेली मादी निवडल्यास तो दिसण्याची शक्यता जास्त.

पन्हाळ्याला किंवा मसाईच्या पठारावर सरडे पाहायला गेल्यास दगड उलथून ठेवू नयेत आणि प्राणी पकडू नयेत. घोरपडीला तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. तेथे दुर्बिणीतून दिसेल तेवढेच लिहावे. गळा आणि डोके लाल झालेला सरड्याचा नर उंच जागी बसून डोके वरखाली करतो, तेव्हा तो खाण्याचा वेळही खर्च करतो आणि शिकाऱ्याच्या नजरेतही येतो. म्हणून अशा प्रदर्शनाची मिनिटे प्रजननाच्या रकान्यात मांडावीत.

पहिल्या वर्षाची वही थंडी सरल्यावर बंद करावी, पण दिवाळीच्या रंगकामाच्या सुमारास एक काम उरकून घ्यावे. तसबिरींच्या आणि मीटरच्या पेटीच्या मागे अंड्यांची रिकामी कवचे सापडतात. ती मोजल्यावर खिडकीतून दिसलेल्या खेपांचा ताळा घेता येतो. एखादे अंडे अजून भरलेले असेल तर ते जागचे हलवू नये आणि तेवढा कोपरा रंगाऱ्याला नंतर रंगवायला सांगावा.