आईच्या गळ्यातलं एसओएस बटण: या चुका टाळा

आई यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात एकटी, मी पुण्यात. गेल्या दिवाळीत तिच्यासाठी सिमवर चालणारं एसओएस बटण आणलं. दाबलं की ठरवलेल्या नंबरांवर ओळीनं फोन जातात. पहिल्याच महिन्यात ती सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात घसरली, बटण दाबलं, फोन आला मला. मी मीटिंगमध्ये होतो. उचलला असता तरी पाचशेच्या वर किलोमीटरवरून काय केलं असतं?

पहिला नंबर लेकाचा ठेवला, ही सगळ्यात मोठी चूक. तो हाकेच्या अंतरावरच्या माणसाचा हवा. आता पहिला शेजारच्या काकूंचा आहे. दुसरा त्यांच्या मुलाचा, पण खरिपात तो दिवसभर वावरात, म्हणून तिसरा किराणावाल्याचा. मी चौथा. यातही एक गोम होती. आई रात्री आतून कडी लावते, काकू धावत येऊन दारापाशीच उभ्या. आता बाहेरूनही किल्लीनं उघडणारं कुलूप बसवलं, एक किल्ली काकूंकडे. बटणाचा नंबरही सगळ्यांच्या फोनमध्ये नावानं सेव्ह केला, नाहीतर अनोळखी नंबर कोण उचलतो?

सिमचं दुखणं वेगळंच. स्वस्तातली बरीच बटणं 2जीवर चालतात आणि जिओचं जाळं सुरूच होतं 4जीपासून. त्यात ते सिम टाकलं तर बटण मुकं. रिचार्ज संपला की आउटगोइंग बंद, आणि घरात कोणाला पत्ता नाही. टिनाखाली रेंज कमी मिळते, म्हणून चाचणी ओसरीत नको. आई झोपते तिथून आणि न्हाणीतून घ्या. दर महिन्याला घ्या, शेजाऱ्यांना आधी सांगून.

चार्जिंगला ठरलेली वेळ हवी. लाईन कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा बॅटरी शेवटच्या काडीवर येईपर्यंत थांबू नका.

पडल्यावर आपोआप फोन लावणाऱ्या घड्याळावर सगळा भार टाकू नका. ते धाडकन पडणं ओळखतं. भिंतीला धरून हळूहळू खाली बसलेला म्हातारा माणूस त्याला पडलेला वाटेलच असं नाही.

अॅम्ब्युलन्स शेवटी 108 लाच सांगावी लागते. ही सेवा राज्यात 2014 पासून आहे, मोफत आहे. पण नुसतं ‘पिंपळगाव’ सांगून भागत नाही, विदर्भात पिंपळगावं किती! तालुका, खुर्द की बुद्रुक, आणि कोणत्या फाट्यावरून वळायचं, हे एका कागदावर लिहून काकूंच्या फोनजवळ चिकटवलं आहे.

बटण पाण्यात चालतं का, हे घेतानाच विचारा. डब्यावर आयपी67 (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलं असेल तर अंघोळीलाही गळ्यात राहू शकतं. आमचं तसं नाही, आणि आई म्हणते, “मले काई होत नाई.” ती अंघोळीला बटण खुंटीवर टांगते. म्हणून ती खुंटी मी न्हाणीतच, फरशीवर पडूनही हात पोचेल इतकी खाली ठोकली.