पत्रिकेतली मराठी अक्षरं का फुटतात? या चुका टाळा

इंदूरमध्ये मराठी मंडळाची पत्रिका बहुतेकदा राजवाड्याच्या आसपास एखाद्या टायपिंगवाल्याकडे तयार होते. कीबोर्ड हिंदीचा, हातही हिंदीला सरावलेले. लिपी एकच, मग अडचण कसली? अडचण मोजक्याच अक्षरांची असते, पण ती नेमकी मराठीची हक्काची अक्षरं निघतात.

पहिला मान 'ऱ्य'चा. र, हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), य असं टाइप केलं की संगणक य-वर रफार चढवतो. 'दुसऱ्या दिवशी'चं 'दुसर्या दिवशी' होतं ते एक वेळ लोक समजून घेतात. पण उत्सवाच्या हिशेबात 'आचाऱ्यांना' दिलेले पैसे 'आचार्यांना' दिले असं छापलं, की भटारखान्याचा खर्च थेट व्याख्यानमालेत जातो! इथे साधा र चालत नाही, नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ लागतो. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश. ळ हवा तर शिफ्ट धरून एन. काही जण र आणि हलन्तानंतर न दिसणारा 'झीरो विड्थ जॉइनर' घालून तोच आकार काढतात. छपाईला ते चालतं, पण मजकुरात शोधायला गेलात तर एक 'दुसऱ्या' सापडतो आणि दुसरा लपून बसतो.

'ॲ'ची तऱ्हा याहून वाईट. या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या सर्वमान्य यादीत, स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोवर कोणी 'अ'वर चंद्र देत होतं, कोणी हिंदीतला 'ऍ' वापरत होतं, आणि दोन्ही सवयी अजून टिकून आहेत. त्यामुळे सभासदांच्या यादीत 'ॲडव्होकेट' आणि 'ऍडव्होकेट' हे संगणकाच्या लेखी वेगळे शब्द ठरतात. यादी अकारविल्हे लावली की एकाच वकिलांच्या नावाची दोन टोकांना दोन पोस्टकार्डं निघतात. 'फाइंड अँड रिप्लेस'ने सगळीकडे एकच 'ॲ' करून टाका. दुसरा इलाज नाही.

आता कृतिदेव हा जुना फाँट. त्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात, म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवलं की सगळं रोमन गिचमिड दिसतं. फाँट बदलून युनिकोडचा 'मंगल' केला तरी काही होत नाही, कन्व्हर्टरच लागतो. आणि कन्व्हर्टरवर डोळे मिटून विसंबू नका. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो; युनिकोडमध्ये क्रम बरोबर उलटा. ही उलटापालट कुठे चुकली तर वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर एकटीच लटकलेली दिसते. तो गोल म्हणजे 'या चिन्हाला धरायला अक्षर नाही' ही तक्रार. तो पुसायच्या मागे लागू नका, वेलांटी खोडून अक्षरानंतर पुन्हा टाइप करा.

एक्सेलमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) उघडल्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला तोच तोच रोमन 'ए' ओळभर दिसला, तर घाबरू नका. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि पहिली बाइट सगळ्यांची सारखीच, तीच तो 'ए' होऊन दिसते. मजकूर शाबूत आहे, फाइल यूटीएफ-८ म्हणून पुन्हा आणा. मात्र नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील आणि फाइल तशीच सेव्ह झाली असेल, तर मूळ मजकूर गेला. जुनी प्रत शोधा.

राहिला फ्लेक्सवाला. त्याच्या फोटोशॉपमध्ये 'गणपति'ची वेलांटी त-च्या पुढे जाऊन पडत असेल, तर टायपिंगला दोष देऊ नका. सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन', नव्या आवृत्तीत 'वर्ल्ड-रेडी', करायला सांगा. तो तयार नसेल, तर मजकूर दुसरीकडे नीट जुळवून, फाँट आत बसवलेली पीडीएफ त्याच्या हाती द्या.