कृमी मेला, पण कशाने? रोगकारक जनुके शोधताना या चुका टाळा

स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूचे एखादे जनुक काढले, तो म्युटंट (जनुक काढलेला जीवाणू) सी. एलेगन्स या जेमतेम 1 मिलिमीटरच्या सूत्रकृमीला खायला घातला आणि कृमी जास्त दिवस जगले, की वाटते, सापडले रोगकारक जनुक! जरा थांबा. आधी मेलेल्यांचा पंचनामा करा.

सगळ्यात जास्त घोळ मोजणीत होतो. कृमींना पीए14 या स्यूडोमोनासच्या वाणाचा थर नकोसा होतो. ते बाहेर पडतात, प्लेटच्या भिंतीवर चढतात आणि तिथेच वाळतात. हे मृत्यू जीवाणूच्या खात्यावर टाकू नका. 'सेन्सॉर्ड', म्हणजे मृत्यूंच्या मोजणीतून वगळलेला, अशी नोंद करा. कधी अंडी आईच्या पोटातच फुटतात आणि पिल्ले तिला आतून खातात. भिंगाखाली आत वळवळ चाललेली एक पिशवीच दिसते. (पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला जेवण गेले नव्हते.) तीही सेन्सॉर्डच. एफयूडीआर या औषधाने प्रजनन थांबते, पण ते जीवाणूंनाही बाधते. म्हणून मी कंटाळा न करता रोज कृमी उचलून नव्या प्लेटवर ठेवते. आणि ताठ पडलेला प्रत्येक कृमी मेलेला नसतो. प्लॅटिनमच्या तारेने डोक्याला हळूच स्पर्श करून बघा.

माध्यम बदलले की प्रश्नच बदलतो. एनजीएम या कृमी वाढवायच्या साध्या माध्यमावर 25 अंशांना पीए14 कृमींना मारायला दोन-तीन दिवस घेतो; जास्त ऑस्मोलॅरिटीच्या (विरघळलेले पदार्थ जास्त असलेल्या) माध्यमावर फेनाझिन विषांमुळे काही तासांतच खेळ संपतो. दोन्हींचे निकाल एकाच तक्त्यात घालू नका.

म्युटंट मुळातच अशक्त असेल तर? आधी ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) त्याची वाढ मोजा, मग जनुक प्लास्मिडवरून (डीएनएच्या छोट्या कड्यावरून) परत देऊन मारकशक्ती परतते का ते पाहा. जुनी प्लेट पुन्हा पुन्हा वापरली तर lasR हे रोगकारक जनुकांचे नियंत्रण करणारे जनुक बिघडलेल्या पेशी माजतात; वसाहतीवर धातूसारखी चकाकी दिसली की संशय घ्या. दरवेळी उणे 80 अंशांना गोठवलेल्या साठ्यातूनच नवी प्लेट काढा.

37 अंशांना जागी होणारी जनुके, उदाहरणार्थ यर्सिनिया या जीवाणूची टाइप-थ्री यंत्रणा (यजमान पेशीत प्रथिने टोचणारी), या कृमीत तपासू नका. त्याला ते तापमान सोसत नाही. तिथे मधपेट्यांचा वैरी मेणकिडा, म्हणजे गॅलेरियाची अळी, कामी येते; तिला जीवाणू सुईने टोचतात. आधीच काळे डाग पडलेल्या अळ्या बाजूला काढा. नुसते पीबीएस (जीवाणू नसलेले खारे द्रावण) टोचलेल्याही मरू लागल्या, तर दोष सुईचा किंवा हाताचा. त्या दिवसाचे आकडे वापरू नका.